हिरडीटोल्यात मामा येतो

ऊर्जानगर, चंद्रपूर
२४ फेब्रुवारी २०२५

गाईडच्या दाराबाहेर चपला झिजवणाऱ्या, 'मॅडम मीटिंगमध्ये आहेत' हे ऐकून ऐकून केस पिकवणाऱ्या तमाम संशोधक विद्यार्थ्यांनो! तुमचं संशोधन सगळ्यांना हवं आहे, पण तुम्ही जेवलात की नाही हे विचारणारा एक माईचा लाल या देशात नाही!

चि. नंदिनी, सप्रेम जय भीम. वरचं वाक्य मी परवा वरोऱ्याच्या एका सभेत बोललो. टाळ्या पडल्या, म्हणून तुलाही पाठवतो. तिथे श्रोते साठ होते, इथे तू एकटी आहेस, पण मला आवाज लहान करता येत नाही. पस्तीस वर्षं कोळशाच्या धावत्या पट्ट्याशेजारी उभं राहून कामगारांशी बोललो. तिथे हळू बोलणाऱ्याला कोणी विचारत नसे.

तू म्हणशील, मामा, मोबाईलवर का लिहीत नाही? मोबाईलवर मी भांडतो. विचार करायला मला कागद लागतो.

तुझ्या विषयावर वाचन सुरू केलं आहे. डेटाला मराठीत 'विदा' म्हणतात हे नव्यानेच कळलं. तुझ्या आईला म्हटलं, "इंदुताई, नंदिनी गडचिरोलीच्या जंगलात विदा गोळा करून राह्यली." तिला आपला हिंदीतला विदा कळला. ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "म्हणजे पोरगी गेलीच का गा?" तिची समजूत घालायला दोन तास लागले. तेव्हा तू नेमकं काय करतेस, कोणाच्या घरी राहतेस आणि तुझी ती गाईड तुला काय मदत करते, हे साध्या मराठीत कळव. वर्तनविज्ञान म्हणजे लोकांना वळण लावणं असेल तर आधी गाईडपासून सुरुवात कर.

तुझा मामा,
गुणवंतराव

*

हिरडीटोला, ता. धानोरा
४ मार्च २०२५

ती. मामा, जय भीम.

तुमचं पत्र डोमाभाऊंनी आणून दिलं. डोमाभाऊ आमचे पोस्टमन. पाकीट पाहून ते जरा हिरमुसले. पोस्टकार्ड असलं की ते अंगणवाडीच्या ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवतात. इथे रेंज नाही, तेव्हा बातम्या त्याच.

आईला सांगा, विदा म्हणजे फक्त माहिती. मी कुठेही जात नाही.

माझं काम असं. आता मोहफुलांचा हंगाम सुरू होतोय. बायांना फुलं वेचायला पहाटेच रानात जावं लागतं, नाहीतर हरणं आणि गुरं फुलं खाऊन टाकतात. पण वाघही पहाटेच फिरतो. मग बाई काय ठरवते? वाघ दिसल्यावर किती दिवस जायचं टाळते? कोणावर विश्वास ठेवते? हे झालं वर्तनविज्ञान. ही उत्तरं संगणकात घालून कोणत्या गावाला किती धोका आहे याचा नकाशा काढायचा, हे विदाविज्ञान. त्या नकाशावरून गस्त कुठे घालायची ते ठरणार आहे.

आणि माझी अडचण म्हणजे प्रश्न सातवा. 'गेल्या तीस दिवसांत तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना वाघ दिसला का?' मी दोनशे बारा माणसांना विचारलं. दोनशे बारा वेळा उत्तर आलं, "नाई." तेही तोंड फिरवून. एक आजी तर मी प्रश्न वाचल्याबरोबर उठून घरातच गेल्या.

दर शुक्रवारी धानोऱ्याच्या बाजारात टॅबलेटला रेंज मिळते आणि उत्तरं पुण्याला जातात. तिथे माझ्या गाईड रीता मॅडमना दर आठवड्याला ते शून्य दिसतं. त्यांनी एकदा सरळ विचारलं, "नंदिनी, तू घरोघर जातेस ना? की एका जागी बसून फॉर्म भरतेस?" १५ एप्रिलला समिती बसणार आहे. तोवर या शून्याचा अर्थ लागला नाही तर इथलं काम बंद, आणि काम बंद म्हणजे माझा तीन वर्षांचा प्रबंध बंद.

संस्थेत आमच्यासाठी 'संशोधक सहाय्य कक्ष' आहे. त्यांना दोन ईमेल केले. दोन्हींना एकच उत्तर आलं, "आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

बाकी मी मजेत आहे. केसरबाईंच्या घरी राहते. त्या मला 'फारमवाली बाई' म्हणतात आणि आंबील पाजतात. इथली एक गंमत सांगते. प्रश्न एकोणिसावा आहे, 'गेल्या महिन्यात बाहेरून कोण आलं होतं?' त्याचं उत्तर घरोघर एकच, "मामा आलता." काका नाही, आत्या नाही. कधी आले? "पाहाटे." किती वेळ थांबले? "बकरी खाल्ली न गेला." इथले मामा फारच खादाड दिसतात. तुम्ही निदान चहावर भागवता.

तुमची,
नंदिनी

*

ऊर्जानगर
११ मार्च २०२५

चि. नंदिनी, जय भीम.

मामा खादाड! हे तू लिहावंस? ज्या मामाने तुला खांद्यावर बसवून भद्रावतीची लेणी दाखवली, त्या खांद्याचा हा सत्कार! मामा हा मानवी समाजातला सर्वांत निरपेक्ष माणूस आहे. त्याला वारसा नाही, अधिकार नाही, लग्नात मुलीला मांडवात आणून सोडायचं आणि बाजूला व्हायचं. आणि तू दोनशे घरांत फिरून सरकारी वाटणाऱ्या कागदावर लिहून आलीस की हा बकरी खातो! एका बैठकीत अख्खी बकरी कोणता मामा खाईल? माझा या विद्येवर विश्वास नाही. कोणीतरी मामा-वर्गाला बदनाम करून राह्यलं.

आता शून्याचं. माणूस 'नाही' म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो उत्तर देत नसतो, प्रश्नालाच नकार देत असतो. त्यांना तुझ्या प्रश्नात काहीतरी खुपतंय. मला वाटतं, त्यांना जंगलखात्याची भीती आहे. वाघ दिसला म्हणावं तर रानात जाणं बंद होईल, म्हणून गप्प. तू त्यांना निर्भय कर. सोबत मी दीड तासाचं एक भाषण लिहून पाठवलं आहे, ते चावडीसमोर वाच.

तुझ्या त्या सहाय्य कक्षाला मीही पत्र टाकलं आणि शेजारच्या प्रफुलकडून ईमेलही करवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं. काय आलं? 'आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या.' सेवा कोणती ते लिहिलं नव्हतं. मी प्रफुलला म्हटलं, शून्य दे. तो म्हणाला, "काका, इथं शून्य देताच येत नाई, एकपासूनच सुरू होते." बघ! स्वतःच्या फॉर्मात शून्याची सोयच ठेवली नाही, आणि तुझ्या शून्यावर समिती बसवतात!

तुझा (न खाणारा) मामा,
गुणवंतराव

*

पुणे
१३ मार्च २०२५

प्रिय नंदिनी,

तुझ्याकडे फोन लागत नाही म्हणून स्पीड पोस्टने लिहिते. सवड कमी आहे, मुद्द्यावर येते.

वाघाचं शून्य समितीला पटणार नाही. आजूबाजूच्या सगळ्या गावांत वाघाचा वावर नोंदलेला असताना तुझ्या एकाच गावात कोणीच वाघ पाहिला नाही, हे कसं? १५ एप्रिलला हा प्रश्न तुला विचारला जाईल आणि त्या वेळी माझी फार मदत होणार नाही.

मात्र प्रश्न एकोणीसमध्ये विलक्षण काहीतरी हाती लागलं आहे. एकशे अडुसष्ट नोंदींत मामा! येण्याची वेळ बहुतेक पहाटे चार ते सहा. मुक्काम सरासरी अर्धा तास. पाहुणचार सरासरी एक शेळी. एक मामा घरात न येता थेट गोठ्यात शिरल्याचीही नोंद आहे. पाहुण्याला गोठ्यात उतरवण्याची तिथे प्रथा आहे का? मामांच्या भेटीनंतर बायका दोन-तीन दिवस घराबाहेर पडत नाहीत, हेही दिसतं. पाहुणचाराचा थकवा असावा. आईकडच्या नात्याचा स्त्रियांवर पडणारा एवढा भार मी आजवर कुठेच वाचलेला नाही. माझा सल्ला आहे की वाघ सोडून दे आणि मामांवर लिही.

कळावे,
रीता

*

हिरडीटोला
२० मार्च २०२५

ती. मामा,

मॅडमचं पत्र आलं. त्या म्हणतात वाघ सोड आणि मामांवर लिही.

तुमचं भाषण चावडीसमोर वाचलं. अकरा माणसं होती. पानभर झाल्यावर तिघं उरली. वाघाचं नाव आलं तेव्हा तीही गेली. शेवटची पाच पानं मी केसरबाईंच्या कोंबड्यांना ऐकवली.

मामा, मी दर पहाटे बायांबरोबर मोहाखाली उभी असते. त्या मला मधोमध ठेवतात, आपसात खुणा करतात, एखादी हात वर करते आणि सगळ्या टोपल्या तशाच टाकून मागे फिरतात. मला कोणी काही सांगत नाही. विचारलं तर "काई नाई, चाल." मी इथे पाच महिने राहून यांच्यासाठी परकीच आहे, आणि पुण्यात सगळ्यांना वाटतं मी खोटे फॉर्म भरते. काल पहिल्यांदा वाटलं की बॅग भरावी आणि घरी यावं.

आईला यातलं काही सांगू नका.

नंदिनी

*

(पोस्टकार्ड)

ऊर्जानगर, २५ मार्च

घाबरू नको. मंगळवारी, एक तारखेला, दिवस मावळताना येतो. तीन दिवस मुक्काम. घराघरात जाणार आहे. कोणालाही सोडणार नाही.
मामा

*

धानोरा, आठवडी बाजार
४ एप्रिल २०२५

आदरणीय मॅडम,

हे पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो बाजारातून पाठवते आहे. कृपया शेवटपर्यंत वाचा, कारण शून्याचा उलगडा झाला आहे.

माझे मामा मला धीर द्यायला येणार होते. तसं त्यांनी पोस्टकार्ड टाकलं. शनिवारी मी पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, होते, म्हणून आमच्या पोस्टमनने, डोमाभाऊंनी, ते नेहमीसारखं ओट्यावर बसून वाचलं. ऐकणाऱ्यांनी पुढच्यांना सांगितलं. त्यांनी आणखी पुढच्यांना. वाटेत पोस्टकार्ड गळून गेलं आणि बातमी तेवढी राहिली, की मंगळवारी दिवस मावळताना मामा येणार, घराघरात जाणार आणि कोणालाही सोडणार नाही.

मंगळवारी सकाळी एकही बाई मोहाला गेली नाही. शेळ्या स्वयंपाकघरात बांधल्या. पोरं शाळेत गेली नाहीत. मी केसरबाईंना विचारलं, "आज काय आहे?"

"मामा येनार हाये."

"मग दारं काऊन लावून राह्यल्या?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तर का उघडी ठेवतेस?"

संध्याकाळी मामा फाट्यावर गाडीतून उतरले आणि चालत आले. मॅडम, माझ्या मामांचा आवाज मोठा आहे. रस्त्यावर कुत्रंही नाही हे पाहून ते वेशीवरूनच ओरडले, "अरे, कोणी आहे का? मी मामा आलो!"

अख्ख्या गावात एकदम डबे वाजायला लागले. ताटं, पत्रे, शाळेची घंटा. कोणीतरी दिवाळीतले उरलेले फटाके लावले. म्हातारे पोचू आजोबा घरावर चढले होते, ते वरूनच म्हणाले, "बाप्पा, बोलते गा हा!"

मामांना वाटलं, आपलं स्वागत चाललं आहे. सभेला यायची सवय आहे त्यांना. दोन्ही हात जोडून ते गावाच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एवढ्याची काही गरज नव्हती."

मी आवाज ओळखला आणि दाराकडे धावले. केसरबाईंनी मला मागून कंबरेला मिठी मारली. "नोको जाऊ व पोरी!"

"अहो, माझा मामा आहे तो!"

"सगळ्याईचाच हाये!" त्या रडत म्हणाल्या. "मागच्या साली माह्या दिराचे दोन बैल नेले त्यानं!"

मॅडम, त्या क्षणी मला एकशे अडुसष्ट नोंदी एका ओळीत दिसल्या. पहाटे चार. अर्धा तास. एक बकरी. गोठा.

इथे वाघाला वाघ म्हणत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, अशी समजूत आहे. केसरबाईंनी नंतर दोन्ही कानांना हात लावून मला समजावलं, "तू आमच्या दारात उभी राहून चार-चारदा त्याचं नाव घेते. आमी कोनत्या तोंडानं हो म्हनाचं? तुले वाटते आमी खोटं बोलतो, आमाले वाटे तू त्याले बोलावते." म्हणून 'वाघ दिसला का'ला 'नाई', आणि 'कोण आलं होतं'ला 'मामा'. मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर ते पाच महिने दुसऱ्या प्रश्नात प्रामाणिकपणे देत होते. तारखेसकट, वेळेसकट.

त्यामुळे प्रश्न सातचं शून्य ही माझी चूक आहे, त्यांची नाही. पण नोंदी खऱ्या आहेत आणि काम बंद करू नये, ही विनंती समितीपुढे तुम्ही मांडाल का?

आपली विद्यार्थिनी,
नंदिनी

*

(त्याच दुपारी आलेला निरोप)

नंदिनी, वाचलं. मनोरंजक आहे, पण पुरावा काय? काही मामा खरेच मामा असतील. कोणता मामा कोणता हे वेगळं केल्याशिवाय एकही नोंद धरता येणार नाही. शिवाय ती विभागणी संस्थेच्या माणसाने गावात जाऊन तपासायला हवी. सहाय्य कक्षात सध्या माणूस नाही आणि मला सवड नाही. तसं झालं नाही तर १५ ला समिती शून्यच वाचेल. सॉरी. रीता

*

धानोरा
८ एप्रिल २०२५

आदरणीय रीता मॅडम यांस, सविनय जय भीम.

मी नंदिनीचा मामा. दोन पायांचा. तत्त्व म्हणून मी मोबाईलवर लिहीत नाही, पण दिवस थोडे उरले आहेत, म्हणून स्पीड पोस्टबरोबर या पत्राचा फोटोही पाठवतो आहे. तत्त्व पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू करीन.

मी तीन दिवसांसाठी आलो होतो, आज आठवा दिवस. तुमचा निरोप बाजारात वाचला तेव्हा माझी भाची भाजीच्या ढिगाशेजारी खाली बसली. मी भाषण करणार होतो. पण एकदा तिच्याकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा भाषण टाकून तिच्या शेजारी खाली बसलो. थोड्या वेळाने तीच उठली आणि म्हणाली, "मामा, चला. कोणता मामा कोणता, हे विचारायचा रस्ता शोधू."

रस्ता सोपा नव्हता. 'दोन पायांचा की चार?' असं विचारता येत नाही, ते नाव घेतल्यासारखंच होतं. पहिल्या घरी मी विचारलं, "मामा चपला घालून आलता का?" तिथली सोमारीबाई म्हणाली, "आमचा सख्खा मामाबी बिनचपलेनंच येते." तो प्रश्न बाद. दुसऱ्या घरी विचारलं, "मामा काही बोलला का?" म्हातारा म्हणाला, "परवा तर बोलला ना, वेशीवर." तोही बाद, आणि मला उगीच ऐकावं लागलं. शेवटी नंदिनीने प्रश्न काढला, "मामाने चहा घेतला का?"

मॅडम, मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. एवढा धारदार प्रश्न मी कुठल्या पुस्तकात पाहिला नाही. या भागात कोणत्याही घरी सोयरा आला आणि बिनचहाचा गेला, असं होत नाही. आम्ही चार दिवसांत एकशे अडुसष्ट नोंदी पुन्हा तपासल्या. सोमारीबाईला विचारलं, "मामानं चहा घेतला का?" ती म्हणाली, "चहा? त्याले? तुमी पाजा." अशी उत्तरं एकशे पंचेचाळीस. चहा घेतलेले मामा तेवीस. मीही त्या तेवीसात धरला जावा असं वाटत होतं, पण नंदिनी म्हणाली, मामा, तुम्ही एप्रिलमधले, नमुन्यात बसत नाही. तिच्या काटेकोरपणावर आता तरी तुमचा विश्वास बसो.

आता मी माझा आवाज मोठा करतो.

तुमच्या तक्त्यातल्या त्या शून्याला चार पाय आहेत. ते पहाटे तळ्यावर पाणी पितं. समितीने ते जसंच्या तसं वाचलं, तर नकाशावर हिरडीटोला हिरव्या रंगात रंगेल, गस्त दुसरीकडे जाईल, आणि केसरबाई दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच मोहाखाली टोपली घेऊन उभी राहील. आणि हे शून्य फोडणारी मुलगी घरी परत पाठवली जाईल, कारण संस्थेत तपासायला माणूस नाही! माणूस नाही म्हणजे काय? शिकायला मुलगी आहे, सांगायला गाव आहे, मोजायला यंत्र आहे, फक्त बघायला माणूस नाही? तुमच्या कक्षाने मला गुण मागितले, मला एक ते पाच आकडे पाठवले. त्या आकड्यांपैकी एकही इथे चालत येऊ शकत नाही.

रागावू नका. तुम्ही वाईट आहात असं मला वाटत नाही. भाची सांगते की पहिल्या वर्षी तिचं पान अन् पान तुम्ही लाल पेनाने तपासलं होतं. तो लाल पेन मला आवडला. पण कागद इथून तिथे जाताना जे गळून पडतं, ते पेनाने तपासता येत नाही. सोमारीबाई 'त्याले?' म्हणताना ज्या नजरेने पाहते, ती नजर कोणत्या रकान्यात भरणार?

केसरबाईंना मी सांगितलं की पुण्याच्या मॅडम तुमच्याशी बोलायला येऊ शकतात. त्यांनी विचारलं, "त्या चहा घेतात ना?" मी तुमच्या वतीने हो म्हणून बसलो आहे.

तेव्हा एकच मागणं. मला उत्तर नको, कक्षाचा फॉर्म नको. रविवारी, तेरा एप्रिलला, सकाळी साडेसातला गडचिरोलीच्या स्टँडवरून धानोऱ्याकडे सुटणाऱ्या गाडीत बसा.

गुणवंतराव